गुडघा दुखतो म्हणणाऱ्या मुलाचं आधी ऐका

विदर्भानं 2017-18 आणि 2018-19 असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला, 2024-25 मध्ये तिसऱ्यांदा जिंकला. अकोल्याचा अथर्व तायडे आणि अमरावतीचा जितेश शर्मा ही नावं आज आपल्याकडे घरोघरी माहीत आहेत. मुलांना मैदानावर घेऊन जाणारे, सराव संपेपर्यंत थांबणारे आई-बाबा मला मनापासून आवडतात. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज किमान 60 मिनिटं घाम निघेल असं खेळावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि आई-बाबांनी वेळ काढल्याशिवाय हे बहुतेक घरांत जमत नाही. तरीही आज डॉक्टर म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. आई-बाबा मुलाचे दुसरे कोच झाले की मूल आपलं दुखणं लपवायला लागतं, आणि लपवलेलं दुखणंच पुढे त्याचा खेळ थांबवतं.

यामागचं कारण वाढत्या हाडात आहे. हाडांच्या टोकांशी कूर्चेचा एक मऊ पट्टा असतो, तिथून हाड लांब होतं. मूल झपाट्यानं उंच होत असतं त्या काळात हा भाग नाजूक असतो, स्नायू मात्र त्याला जोरानं ओढत असतात. म्हणून दहा ते पंधरा वर्षांच्या मुलांना गुडघ्याच्या वाटीखाली दुखरा उंचवटा येतो, त्याहून लहान मुलांची टाच दुखते. जलदगती गोलंदाजी करणाऱ्या मुलांत कंबरेच्या मणक्याला बारीक तडा जातो, तो सर्वांत फसवा. सुरुवातीला साध्या एक्स-रेमध्ये तो अनेकदा दिसतच नाही, आणि वेळेत ओळखला नाही तर कित्येक महिने चेंडू हातात घेता येत नाही. या सगळ्या दुखापतींत पडणं, लागणं, रक्त येणं असं काही घडत नाही. पहिली खूण एकच, मुलाचं वाक्य : ‘‘बाबा, आज कंबर दुखते.’’ घरी परतताना गाडीवर प्रत्येक चुकीचा हिशोब होत असेल, ‘‘तुझ्यासाठी इतका खर्च करतोय’’ हे कानावर पडत असेल, तर ते वाक्य बाहेर येत नाही. मूल गोळी घेतं आणि खेळतं.

आई-बाबांकडे अशी एक माहिती असते जी कुठल्याच कोचकडे नसते, ती म्हणजे आठवड्याचा एकूण भार. सकाळी शाळेचा सराव, संध्याकाळी अकादमी, रविवारी सामना. प्रत्येक सरांना फक्त आपले दोन तास दिसतात. अमेरिकेतल्या डॉ. नीरू जयंती आणि सहकाऱ्यांच्या 2015 च्या अभ्यासात, वयाच्या आकड्यापेक्षा जास्त तास दर आठवड्याला सराव करणाऱ्या मुलांत अतिवापराच्या गंभीर दुखापती अधिक आढळल्या. म्हणजे बारा वर्षांच्या मुलाला आठवड्याला बारा तासांची मर्यादा धरा. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटना आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण सुट्टी घ्यायला सांगते. हा हिशोब ठेवणं, पुरेशी झोप, वेळेवर जेवण, हे पालकांचं खरं काम आहे, आणि ते फलंदाजीचा पवित्रा सुधारण्यापेक्षा कितीतरी मोलाचं आहे.

यावर अनेकांचा आक्षेप असतो : दबाव आणि लवकर सुरुवात नसेल तर मोठा खेळाडू घडतो कसा? त्यातून आपण नागपूर-मुंबईपासून दूर, आपल्या मुलांना संधी मुळातच कमी. ही काळजी खरी आहे, पण पुरावा उलट दिशेला जातो. संशोधक आर्ने ग्युलिख आणि सहकाऱ्यांनी सहा हजारांहून अधिक खेळाडूंची माहिती एकत्र तपासली. जागतिक दर्जापर्यंत पोचलेले खेळाडू लहानपणी अनेक खेळ खेळले होते, आपल्या मुख्य खेळाकडे ते उशिरा वळले आणि त्यांची सुरुवातीची प्रगती इतरांपेक्षा संथ होती. जितेश शर्माला तर सैन्यदलात जायचं होतं, आणि खेळाडूंना परीक्षेत मिळणाऱ्या वाढीव गुणांसाठी तो शाळेत क्रिकेटकडे वळला, हे त्यानं स्वतः मुलाखतींत सांगितलं आहे. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची 1914 पासूनची शिकवण हीच आहे : मल्लखांब, कुस्ती, लाठी, जिम्नॅस्टिक्स, सगळ्यांतून अंग तयार करायचं. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी या मंडळाच्या पथकानं तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली होती. आठव्या वर्षी मुलाला एकाच खेळाला बांधणारे पालक आपल्याच मातीतलं हे शहाणपण सोडून देत आहेत.

दुसरा आक्षेप असा की मग आम्ही मैदानावर यायचंच नाही का? जरूर यावं. कोच मुलांशी कसे वागतात, कुणी मुलाला मारतं का, मुलीला अवघडल्यासारखं होतं का, यावर आई-बाबांचीच नजर हवी. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांवर जातो. उन्हाळी शिबिर भर उन्हात चालत असेल तर तिथे बोलण्याचा पूर्ण अधिकार तुम्हाला आहे. मुलाला भोवळ आली किंवा ते असंबद्ध बोलू लागलं तर आधी सावलीत नेऊन अंगावर भरपूर पाणी ओता, आणि ते करतानाच दवाखान्यात हलवा. कुस्ती किंवा बॉक्सिंगच्या वजनगटात बसण्यासाठी मुलाला उपाशी ठेवायला, पाणी तोडायला कुणी सांगत असेल तर नकार द्या. मुलीची पाळी सलग तीन महिने आली नाही तर ‘सराव जोरात आहे’ म्हणून सोडून देऊ नका. आहार कमी पडतो आहे आणि हाडं कमजोर होत आहेत, असा त्याचा अर्थ असू शकतो. आणि वयाचा खोटा दाखला काढू नका. त्यानं दुसऱ्या कुणाच्या तरी लहान मुलाला आपल्याहून मोठ्या अंगाच्या मुलाशी भिडावं लागतं.

लंगडणं, सांध्याला सूज, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, मागे वाकताना कंबरेत येणारी आणि दोन आठवडे न थांबणारी कळ, यापैकी काहीही असेल तर सराव बंद करून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, निवड चाचणी चार दिवसांवर आली असली तरीही.