पोट भरलेलं, ताट अर्धंच

गरिबीत माणूस वाळतो, असं आपण धरून चालतो. कोडोलीत शिवणकाम करताना माझ्या टेपवर मात्र वेगळंच दिसतं. मजुरीवर घर चालवणाऱ्या बायकांचे दंड बारीकच राहतात आणि कंबर वर्षागणिक वाढत जाते. मी त्यांच्यातलीच एक. पस्तिशी ओलांडली आणि तपासणीत साखर निघाली. तोवर पैपाहुणे "बरी सुधारलीस गं, सुखात हैस" म्हणत होते. त्या वेळी आमच्या घरात डाळ आठवड्यातून दोनदा शिजायची, आणि फळ ही आजारी माणसाला भेटायला जाताना न्यायची वस्तू होती.

हे कसं घडत गेलं ते सांगते, म्हणजे ज्यांच्या घरी असंच चाललंय त्यांना वेळेत ओळखता येईल.

आमचे मालक साखर कारखान्यात हंगामी कामगार. गळीत चालू आहे तोवर पगार पूर्ण, पट्टा पडला की हात आखडता. मी भांगलणीला जायचे. दिवसभर वाकून काम, आणि संध्याकाळी परतताना ओट्यात तांदळी, घोळ, पाथरी, चाकवत. त्या पाल्याला कोणी पैसे मागत नसे. लसूण-मिरचीवर परतला की भाकरीबरोबर घरभराचं कोरड्यास व्हायचं. पुढे उसात तणनाशक आलं. अ‍ॅट्राझिन, मेट्रिब्युझिन, टू-फोर-डी ही नावं आता शेतात न जाणाऱ्यालाही पाठ आहेत. एक माणूस पंप पाठीवर घेऊन सकाळभरात जेवढं रान मारतो, तेवढ्याला आधी बायकांची टोळी लागायची. एकाच फवाऱ्यात तीन गोष्टी गेल्या: आमची मजुरी, फुकटचा पाला आणि अंगाचं कष्टाचं काम. मग मी मशीन घेतलं, त्याला मोटार बसवली आणि दिवसभर बसून राहू लागले. ताट तेच राहिलं. खरं तर त्यातलं हिरवं गेलं आणि जागा भाताने भरली.

वारणेच्या या पट्ट्यात ऊस पाण्याबरोबर आला, पैसाही त्यानेच आणला, हे मी नाकारत नाही. ज्याच्या नावावर रान आहे त्याचं घर उसावरच उभं राहिलं. पण ज्या वावरात जोंधळ्यात तूर, भुईमुगाच्या कडेला चवळी आणि बांधावर पावटा, घेवडा असायचा, तिथे आता बांधापर्यंत ऊसच. कडधान्य घरचं होतं, ते दुकानातलं झालं. ज्याला रान नाही त्यालाही पूर्वी सुगीत मजुरीबरोबर पायली-दोन पायली धान्य, शेंगा मिळायच्या. उसाच्या मजुरीत तसं काही घरी येत नाही.

आता पैशाचा हिशेब बघा. किलोभर साखर चाळीस-पंचेचाळीस रुपयांना येते आणि तिच्यात चार हजारांच्या आसपास कॅलरी असतात. म्हणजे एका रुपयाला नव्वद-शंभर. सात रुपयांच्या अंड्यात सत्तर-पंचाहत्तर, म्हणजे रुपयाला दहा. वांगी, दोडका, गवार घेतली तर तेवढ्याही नाहीत. पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यात दोनशेच्या वर कॅलरी. पंचवीस रुपयांच्या सफरचंदात ऐंशी. हातात वीस रुपये आणि समोर दोन भुकेली पोरं असली की कुठलीही आई पुडा घेणार. तिला आरोग्याचं कळत नाही म्हणून ती तसं करत नाही. तिला पोट भरायचं असतं आणि वीस रुपयांत तेच भरतं.

रेशनचंही बघा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य दिलं, अंत्योदयला कार्डामागे पस्तीस किलो, आणि २०२३ पासून ते फुकट आहे. या धान्याने उपासमार थांबली. आमच्या घरात तर कोरोनाच्या काळात त्याच्याच जोरावर चूल पेटली. त्याबद्दल वाईट बोलायला माझी जीभ वळणार नाही. पण येतो तो तांदूळ आणि गहू. २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला, त्यात रवा, साखर, पामतेल आणि चणाडाळ होती. चार पुड्यांतला प्रथिनांचा पुडा एकच. सणाला गोड हवंच, माझी तक्रार सणाबद्दल नाही. वर्षभर गरिबाच्या घरात जे स्वस्त किंवा फुकट येतं ते जवळजवळ सगळं पिठूळ, गोड किंवा तेलकट असतं, एवढंच मला दाखवायचं आहे.

मग गरिबीमुळे लठ्ठपणा येतो, असं सरळ म्हणता येईल का? आपल्या देशात अजून तसं सरसकट म्हणता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २३.४ टक्के बायका जादा वजनाच्या आणि २०.८ टक्के हडकुळ्या निघाल्या. एकाच राज्यात दोन्ही, जवळजवळ सारख्याच. देशभराचा हिशेब घेतला तर सर्वांत गरीब गटात जादा वजनाच्या बायका साधारण दहात एक, आणि सर्वांत श्रीमंत गटात दहात चारच्या जवळ. म्हणजे वजनकाट्यावर श्रीमंतच पुढे आहेत.

पण काटा सगळं सांगत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपली बाळं मांसाने, अवयवांनी कमी. चरबी मात्र त्या मानाने राखलेली. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला होता. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचं एकच, २२.३. अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. जिची आई गरोदरपणात अर्धपोटी राबली, ती पोर जन्मतःच अशी बांधली जाते आणि पुढे तिच्या ताटात भात, साखर नि पामतेल पडलं की सगळं पोटावर साठतं. माझी आई मी पोटात असताना शेवटपर्यंत ऊस भांगलत होती. तिच्या पिढीची भूक आणि माझ्या पिढीचा भात, दोन्ही माझ्या कमरेवर आहेत. म्हणून माझं उत्तर असं: गरिबी माणसाला दोनदा गाठते, आधी कमी खायला लावून आणि मग चुकीचं खायला लावून.

तपासणीनंतर मला जो आहार सांगितला गेला त्यात ओट्स, सफरचंद, बदाम आणि सॅलड होतं. सांगणाऱ्याचा हेतू चांगला होता, पण तो कागद आमच्या पगाराचा नव्हता. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत माणशी रोज भाजी आणि फळं मिळून ५०० ग्रॅम सांगितली आहेत. पाच माणसांच्या घराला ती रोजची अडीच किलो होतात. आजच्या भावाने महिन्याचा हिशेब तुम्हीच करा. तेव्हा मी आता जे सांगते ते आमच्यासारख्या घरासाठी, जे निभावलं तेवढंच.

आधी टेप घ्या, काटा नंतर. खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट न ओढता माप घ्या. बाईची कंबर ८० सेंटीमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या वर आणि पुरुषाची ९० सेंटीमीटरच्या, साडेपस्तीस इंचांच्या वर गेली की साखर आणि रक्तदाब तपासून घ्या, वजन कितीही असो. तिशीपुढच्या प्रत्येकाची ही तपासणी सरकारी उपकेंद्रात फुकट होते. आशाताई सांगायला येतात तेव्हा "मला काय झालंय" म्हणून त्यांना परत पाठवू नका.

बाजारात पहिला पैसा कडधान्यावर खर्च करा. आमच्या घरात सगळ्यात मोठा फरक यानेच पडला. तूरडाळ महाग, म्हणून आम्ही हुलगा, मटकी, चवळी, मसूर यांच्याकडे वळलो. हुलग्याचं माडगं ही आपल्या सासवांची चीज आहे, तिला कमीपणा मानायचं कारण नाही. मटकीला मोड आणले की मूठभर दाणे वाटीभर होतात. महिन्याच्या किराण्यात आधी कडधान्य, मग तेल, शेवटी साखर, असा क्रम लावला की पैसे संपताना साखर आपोआप कमी पडते. पोरांच्या पुड्यांचे पैसे अंड्यांवर वळवले. रोज नाही जमलं, पण जमेल त्या दिवशी. भडंग घरी केलं तर शेंगदाणे जास्त आणि तेल बेताचं घालता येतं.

तेल मोजून वापरा. माणशी महिना पाऊण किलोच्या फार पुढे जाऊ नये. पाच माणसांना पावणेचार-चार किलो. डबा आणला त्या दिवशीच तारीख लिहून ठेवा.

चहाकडे बघा. शिवणारी, विड्या वळणारी, दुकानात बसणारी बाई दिवसात पाच कप सहज पिते. कपाला दोन चमचे साखर धरली तर दिवसाची ५० ग्रॅम, महिन्याची दीड किलो, फक्त तिची एकटीची. वर बुडवायला खारी नाहीतर बटर. दुपारची भूक चहाने मारायची सवय मजुरीवरच्या बायकांना जडलेली असते, कारण डबा पुरेसा नसतो. म्हणून चहा तोडण्याआधी डब्यात अर्धी भाकरी आणि उसळ वाढवा, चहा मग आपणच कमी होतो. ज्यांच्या घरात कारखान्याच्या सभासदाची सवलतीची साखर येते, त्यांनी ती स्वस्त आहे म्हणून संपवायचा आग्रह धरू नये.

रेशनचा तांदूळ टाकू नका, पण ताटात त्याची जागा ठरवा. आधी भाजी-आमटी आणि भाकरी, भात शेवटी, एक वाटी. नाचणी पन्हाळा-शाहूवाडीच्या डोंगरकडेची. थेट शेतकऱ्याकडून घेतली तर परवडते. ताक घालून केलेली अंबील सकाळी घेतली की खारीची आठवण येत नाही. भाकरीलाही मोजमाप हवं. चार भाकऱ्या खाऊन कोणाची साखर उतरत नाही.

उपवासांबद्दल थोडं बोलते, कोणाची श्रद्धा दुखवायची नाही. जोतिबाचा रविवार, सोमवार, गुरुवार, चतुर्थी धरणाऱ्या बायका त्या दिवशी साबुदाणा आणि बटाटा खातात. त्यात पिठूळपणाशिवाय काही नाही. वरी, राजगिरा, शेंगदाण्याची आमटी, ताक चालत असेल तर ते घ्या. साखरेची गोळी चालू असताना निरंकार उपवास धरू नका, चक्कर येऊन पडलेल्या बाया मी पाहिल्या आहेत.

माळव्यासाठी आठवडी बाजारात दिवेलागणीला जा, उरलेला माल उतरून मिळतो. दारात हात-दोन हात जागा असेल तर शेवगा आणि हादगा लावा. शेवग्याचा पाला शेंगेपेक्षा मोलाचा आहे. रानातला पाला खुडायचा तर फवारणी कधी झाली ते विचारूनच खुडा.

आणि पावडरींपासून लांब राहा. माझ्या जावेने गटाचं कर्ज काढून वजन उतरवायची पावडर घेतली. दोन महिने जेवणाऐवजी तीच प्यायली, वजन उतरलं, डबे संपले आणि वजन परत आलं. कर्जाचे हप्ते मात्र पुढे चालूच होते. तेवढ्या पैशात घरभराला वर्षाचं कडधान्य आलं असतं.

माझी कंबर दोन इंचांनी उतरली, साखर आटोक्यात आहे, गोळी चालू आहे. यापुढचं एकट्या घराच्या हातात नाही. चांगलं खाणं शहाणपणाने काही अंशी मिळतं, बाकी ते भावावर आणि पगारावर ठरतं. अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्याची तरतूद पहिल्यापासून आहे. शाळेच्या आहारात अंडं आलं होतं, २०२५ च्या सुरुवातीला राज्याने त्याचा निधी थांबवला. पुढच्या ग्रामसभेला बायकांनी मोठ्या संख्येने जावं आणि तीन मागण्या ठरावात लिहून घ्याव्यात: रेशनवर डाळ, तांदळाच्या जोडीला ज्वारी-नाचणी, आणि शाळेत पोरांना अंडं.