गाडी ‘पिकअप’ का घेत नाही?

‘आमची गाडी पिकअप घेत नाही’ ही तक्रार तुम्ही घरी किंवा गॅरेजात ऐकली असेल. अ‍ॅक्सिलरेटर दाबावा, इंजिनाने क्षणभर गचका खावा आणि मग कुठे गाडीने सावकाश वेग घ्यावा, असा हा प्रकार. तो केवळ गैरसोयीचा नाही. २००६ साली वडिलांची सुमारे १,१०० घनसेंटिमीटर इंजिनाची जुनी गाडी घेऊन आम्ही चौघे कुंभार्ली घाट चढत होतो. पुढे मालाने भरलेला ट्रक होता. रस्ता मोकळा दिसला म्हणून मी ट्रकला ओलांडायला निघालो आणि गाडीने नेमका त्याच वेळी गचका खाल्ला. समोरून एस.टी. आली. ट्रकच्या मागे पुन्हा शिरायला जागा होती म्हणून निभावले.

इंजिन लहान, म्हणून असे होणारच, असे तुम्ही म्हणाल. थोडे गणित करून पाहू. माणसांसह गाडीचे वस्तुमान १,२०० किलोग्रॅम धरा, चढ विसास एक आणि वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर. चढामुळे मागे खेचणारे बल सुमारे ५९० न्यूटन, टायरांचा रोध सुमारे १८० न्यूटन. वेग नुसता टिकवायलाच जवळजवळ ७.७ किलोवॉट शक्ती लागते. आता दर सेकंदाला अर्धा मीटर प्रतिसेकंद इतका वेग वाढवायचा, तर आणखी ६०० न्यूटन बल, म्हणजे ६ किलोवॉट हवेत. एकूण मागणी पावणेदोन पट झाली, तरी ती १४ किलोवॉटच्या आतच राहते. एवढी शक्ती त्या लहान इंजिनातही होती. ती मागितल्याबरोबर मिळत नव्हती, हे खरे दुखणे.

असे का व्हावे? अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर पेट्रोल वाढते असे आपण समजतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत प्रत्यक्षात उघडते ती हवेच्या वाटेवरील झडप. आत धावणारी हवा आपल्याबरोबर पेट्रोल ओढून नेते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १५ किलो हवा लागते. एक लिटर पेट्रोलचा हिशेब केला तर ही हवा ९,००० लिटरांच्या आसपास भरते! दहा फूट लांब, रुंद आणि उंच खोलीतली सगळी हवा तीन-सव्वातीन लिटर पेट्रोल संपवून टाकील.

झडप एकदम उघडली की हलकी हवा लगेच आत घुसते. पेट्रोल मात्र हवेच्या सुमारे सहाशे पट घन आहे. ते मागे रेंगाळते. शिवाय नळीतला दाब अचानक वाढल्याने पेट्रोलची वाफ नीट होत नाही, थेंब नळीच्या भिंतींना चिकटून राहतात. त्या क्षणी सिलिंडरात हवा भरपूर आणि पेट्रोल थोडे, मग गचका बसणारच. यावर उपाय म्हणून कार्ब्युरेटरात एक छोटा पंप असतो. पेडल दाबले की तो पेट्रोलची एक चिळकांडी उडवतो. पंपाचा पडदा फाटला किंवा सुईएवढे छिद्र कचऱ्याने बुजले की चिळकांडी बंद. इंजिन बंद ठेवून, फिल्टर काढून आणि झडप हाताने हलवून मेकॅनिक हे पाहू शकतो. पेट्रोलच्या वाफा पेट घेतात, तेव्हा हा प्रयोग तुम्ही स्वतः करू नका. शेजारी उभे राहून पाहा. आमच्या गाडीत पंपाचा पडदा फाटलेला निघाला.

दुसरी गोष्ट ठिणगीच्या वेळेची. मिश्रण क्षणार्धात जळत नाही. ढोबळमानाने दोन सहस्रांश सेकंद धरू. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर एका फेऱ्याला २० सहस्रांश सेकंद लागतात. म्हणजे ज्वाला पसरेपर्यंत क्रँक ३६ अंश फिरलेला असतो. दट्ट्या वर पोचल्यावर ठिणगी पाडली तर ऐन दाब येईपर्यंत तो खाली पळालेला असेल. झोका परत फिरून लांब गेल्यावर ढकलण्यासारखेच ते. म्हणून ठिणगी आधीच पाडावी लागते. वेग जास्त तितकी अधिक आधी. जुन्या गाड्यांत डिस्ट्रिब्यूटरमधील दोन छोटी वजने केंद्रोत्सारी प्रेरणेने बाहेर सरकून हे काम करतात. पॉइंट उघडणारा फायबरचा तुकडा झिजला की पॉइंटांमधील अंतर कमी होते, ठिणगी उशिरा पडते आणि गाडी मंदावते. हे अंतर सहसा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत मिळतो. हौसेने ठिणगी फार आधी आणणेही वाईट. इंजिन खटखटू लागते आणि दट्ट्यांना धोका पोचतो.

पंप बदलला, पॉइंट नीट केले, तरी घाटात गाडी पूर्ण जोर देईना. दोन रविवार खर्ची घातल्यावर कारण सापडले. पायाखाली मीच हौसेने घातलेली काथ्याची जाड चटई! पेडल तिच्यावर टेकत होते आणि झडप पाऊणच उघडत होती. तेव्हा तपासणी येथूनच सुरू करावी, अ‍ॅक्सिलरेटरची तारही ढिली नाही ना पाहावी.

काहीजण हवेचा फिल्टरच काढून टाकतात. आवाज वाढतो आणि गाडी जोरात पळते असे वाटते. पण बॉनेटखालची हवा गरम असते. ३० अंश सेल्सिअसऐवजी ६० अंशांची हवा आत गेली तर त्याच आकारमानात ९ टक्के हवा कमी मावते, आणि धूळ सिलिंडर घासते ती वेगळीच. फिल्टर स्वच्छ ठेवून त्याच्या नळीचे तोंड बाहेरच्या थंड हवेकडे वळवणे हा खरा फायद्याचा बदल.

आजच्या पेट्रोल गाड्यांत कार्ब्युरेटर नाही. पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही संगणक सांभाळतो. तेथे हात घालू नये. मात्र टायरातील कमी हवा आणि चिकटलेले ब्रेक यांवर संगणकाचा इलाज चालत नाही. सपाट जागी, गिअर न घातलेली रिकामी गाडी दोन मुलांना सहज ढकलता आली पाहिजे. तसेच शोभेसाठी जड चाके बसवू नयेत. चाकाच्या कडेवरील एक किलो वजन पुढेही जाते आणि फिरतेही, म्हणून वेग वाढवताना ते दोन किलोंसारखे वागते.

हे घरी पाहता येईल. तिरप्या फळीवरून एक बांगडी आणि एक कॅरमची सोंगटी उभ्या धरून एकदमच सोडा. बांगडीचे सगळे वस्तुमान कडेला असल्याने ती मागे पडते, मग ती काचेची असो वा धातूची. फळीला चढ फार देऊ नका, नाहीतर दोन्ही घरंगळण्याऐवजी घसरतील.