डासांवर झाडपाला: काय चालतं, काय नाही

डेंग्यूच्या दिवसांत इंदूरच्या रामबाग, लोकमान्य नगरातले रुग्ण हमखास विचारतात, "डॉक्टर, कॉइल-लिक्विड नको वाटतं, झाडपाल्याचं काही सांगा ना."

सांगते. पण डेंग्यूचा रुग्ण निघाला की घरात फवारलं जाणारं पायरेथ्रम हाही झाडपालाच आहे, हे किती जणांना ठाऊक असतं? शेवंतीच्या कुळातल्या एका फुलाचा तो अर्क, रॉकेलमध्ये एकास एकोणीस या प्रमाणात मिसळलेला. उडता डास त्याने बघता बघता खाली पडतो. कॉइलमधलं अ‍ॅलेथ्रिनही याच फुलातल्या द्रव्याच्या धर्तीवर बनवलेलं. म्हणून फवारणीवाल्याला दारातून परत पाठवू नका. अन्न-पाणी झाका, मुलांना, दमेकऱ्यांना बाहेर न्या आणि फवारू द्या. मात्र उजेडात हा अर्क लवकर विरतो आणि पाण्यातल्या अळ्यांना या फवारणीने काही होत नाही.

आता कडुनिंब. दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रातल्या व्ही. पी. शर्मा आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये खोबरेलात २ टक्के निंबोळीचं तेल मिसळून अंगाला लावून पाहिलं. मलेरियाच्या अ‍ॅनोफिलिस डासांना त्याने रात्रभर दूर ठेवलं. डेंग्यूच्या एडिस डासांबाबत मात्र त्यावर तितका भरवसा नको. करून पाहायचं असेल तर १०० मिली खोबरेलात २ मिली तेल घ्या आणि आधी कोपराच्या आत थोडं लावून बघा. सिट्रोनेला या सुगंधी गवताच्या तेलाचा परिणाम तास-दोन तासच टिकतो.

तान्ह्या बाळाला यातलं काहीच नको, त्याला मच्छरदाणी द्या. निंबोळीचं तेल पोटात गेल्याने बाळांना झटके आल्याच्या नोंदी आहेत. कापूर गिळला तरी तेच होतं, त्यामुळे खोलीत वाटीत ठेवलेला कापूर उचलून ठेवा. पाल्याचा धूर तर मी दम्याच्या घरात करूच देत नाही.

आपलं शहर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येत आलं आहे, याचा मलाही अभिमान आहे. पण एडिसला लागतं साठवलेलं स्वच्छ पाणी आणि नर्मदेचा नळ एक दिवसाआड येत असल्याने ते घराघरात असतं. कूलरमध्ये कडुनिंबाची पानं टाकून निर्धास्त होऊ नका. अळीची वाढ रोखणारं अ‍ॅझाडिरेक्टिन मुख्यतः निंबोळीच्या बीत असतं. कूलर आणि पिंप आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामं करून काथ्याने कडा घासा, कारण कडेला चिकटलेली अंडी कोरडीसुद्धा महिनोनमहिने तग धरतात आणि पाणी मिळालं की आठ-दहा दिवसांत डास तयार होतो.

एडिस दिवसा चावतो. घरात कुणाला ताप असेल तर त्याला दुपारीही मच्छरदाणीतच झोपवा, म्हणजे त्याला चावलेला डास दुसऱ्याकडे जाणार नाही.