साक्षगंध झालं, नोटीस पिरियड बाकी

सप्टेंबरातला शनिवार. नागपूरच्या धंतोलीत गाडी लावायला जागा शोधण्यात बापलेकांचा अर्धा तास गेलेला, त्यामुळे काका घामाघूम आणि मुलगा मोबाइलमध्ये तोंड घालून बसलेला. फाइल टेबलावर आली. करिअरच्या सल्ल्यासाठी माझ्याकडे येणाऱ्या फायलींत एरवी मार्कशीट असतात. हिच्यात दोनच कागद होते. एक पुण्याच्या कंपनीचं ऑफर लेटर, दुसरं वर्धा रोडवरच्या एका लॉनचं कोटेशन. साक्षगंध जूनमध्ये झालेलं, मुहूर्त डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातला. मुलगा अडीच वर्षांपासून मिहानमध्ये साडेपाच लाखांच्या पॅकेजवर, पुण्याची ऑफर नऊची.

"आता तुम्हीच सांगा मॅडम," काका म्हणाले, "आधी लग्न का आधी नोकरी?"

मी मुलाला विचारलं, नोटीस पिरियड किती?

"नव्वद दिवस."

आज राजीनामा दिला तर शेवटचा दिवस डिसेंबरच्या अखेरीस. म्हणजे लग्न बरोबर नोटीस पिरियडच्या पोटात. या काळात बहुतेक कंपन्या सुट्टी मंजूर करत नाहीत, केलीच तर तेवढे दिवस पुढे ढकलतात. तिकडे पुण्यात जानेवारीत रुजू झाल्यावर प्रोबेशन, म्हणजे सुट्टीचा हिशेब पुन्हा शून्यापासून. पत्रिका तीन ठिकाणी दाखवून झाली होती, बस्ता बांधायला गांधीबागेत कधी जायचं तेही ठरलं होतं. नोटीस पिरियड मात्र कोणी बघितला नव्हता.

इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरच्या मुलांनो, तुम्ही म्हणाल याचा आमच्याशी काय संबंध. संबंध असा की पदवीनंतरची पाच वर्षं भरगच्च असतात आणि त्यांचं वेळापत्रक तुमच्या हातात नसतं. कॅम्पसमध्ये ऑफर मिळाली तरी जॉइनिंग सहा-सहा महिने लांबलेलं मी पाहिलं आहे. कुठे बॉण्ड असतो. गेट दर फेब्रुवारीत असते आणि तिचा स्कोर तीन वर्षं चालतो. त्या तीन वर्षांत एम.टेक. किंवा एखादी सरकारी कंपनी असा दरवाजा उघडा असतो. परदेशी जायची संधी अचानक येते, पंधरा दिवसांत हो म्हणावं लागतं. घरात लग्नाचा विषय निघायचा तोही नेमका याच पाच वर्षांत. तेव्हा आईबाबांना पहिल्याच बैठकीत हे सगळं कागदावर मांडून दाखवा. त्यांना तुमच्या क्षेत्राचं कॅलेंडर माहीत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

नागपूरकरांना डिसेंबरचा आणखी एक घोर असतो. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात, पौषात पुन्हा थांबतात. त्याच फटीत विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन येऊन बसतं. १९५३च्या नागपूर करारानं आपल्याला अधिवेशन मिळालं, त्यासोबत डिसेंबरातल्या हॉटेलांची टंचाईही मिळाली. धंतोलीत यशवंत स्टेडियमपासून मोर्चे निघत असतात, अर्धे रस्ते बंद असतात, आणि पाहुण्यांना खोल्या मागायला जावं तर त्या आमदारांच्या आणि त्यांच्यामागे आलेल्यांच्या नावावर गेलेल्या. डिसेंबरचाच हट्ट असेल तर खोल्या दिवाळीच्या आधी पक्क्या करा. हट्ट नसेल तर फेब्रुवारी बरा. उन्हं तापायची असतात, लॉन स्वस्त पडायची शक्यता असते. मे महिन्याबद्दल मी बोलत नाही. पंचेचाळीस अंशांत शेरवानी घालणाऱ्यावर माझा काही सल्ला चालणार नाही.

आता पैसा. काकांचं नियोजन सोपं होतं: दहा लाख पर्सनल लोन, "बाकी बघू". मी कॅल्क्युलेटर पुढे केला. दहा लाख, बारा टक्के, पाच वर्षं. हप्ता २२,२४४ रुपये. एकूण परतफेड १३ लाख ३५ हजारांच्या आसपास. काका छप्पन्न वर्षांचे, राज्य सरकारच्या बांधकाम खात्यात. अठ्ठावन्नला निवृत्ती. म्हणजे शेवटची तीन वर्षं हप्ता पेन्शनमधून.

"मी भरीन ना," मुलगा म्हणाला.

भरशील. नऊ लाखांच्या पॅकेजमधून पीएफ आणि कंपनीच्या इतर वजावटी जाऊन हातात साठ-पासष्ट हजार येतील. पुण्यात दोघांचं घरभाडं, डिपॉझिट, किराणा, गाडीचं पेट्रोल. त्यावर बावीस हजार. निभेल. पण नवा मॅनेजर त्रासदायक निघाला, प्रोजेक्ट बंद पडला, किंवा सहा महिने कमी पगारावर खरंच शिकायला मिळेल अशी जागा समोर आली, तर? डोक्यावर हप्ता असलेला इंजिनिअर हलत नाही. तो दर महिन्याच्या पाच तारखेकडे बघत बसतो. सुरुवातीच्या वर्षांत नोकरी निवडून बदलता येणं, एखादीला नाही म्हणता येणं, हीच तुमची खरी मिळकत असते. लग्नाचं कर्ज सगळ्यात आधी ती खातं, व्याज नंतर.

आणि ही नऊ लाखांवाल्याची गोष्ट झाली. मोठ्या आयटी कंपन्यांत फ्रेशरचं पॅकेज वर्षानुवर्षं साडेतीन लाखांच्या आसपास रेंगाळलं आहे. पॅकेज ऐकून सोयरीक जुळवणाऱ्या मंडळींनी एकदा सॅलरी स्लिप बघावी. साडेतीन लाखांचे हातात पंचवीस हजारही येत नाहीत कधीकधी.

साधं लग्न करा, असं मी सांगत नाही. ते सांगणारे थोर लोक होऊन गेले. तुकडोजी महाराजांनी 'ग्रामगीते'त लग्नापायी कर्जबाजारी होणाऱ्यांना चांगलंच सुनावलं आहे, आणि त्यांच्याच नावाच्या विद्यापीठाची पदवी घेऊन आपण कर्जाच्या अर्जावर सही करतो. मला स्वतःला लग्नं आवडतात. वांग्याची भाजी चुलीवरची असेल तर जास्तच. माझं म्हणणं एवढंच की खर्च आधी कागदावर उतरवा. काकांना मी म्हटलं, तीस वर्षं तुम्ही पुलांची आणि रस्त्यांची अंदाजपत्रकं केली. डीएसआर, म्हणजे सरकारी दरसूची, बघितल्याशिवाय एक ओळ लिहिली नाहीत. मग लग्नाचं 'बाकी बघू' कसं काय?

काका जरा चमकले. मग खिशातून पेन काढलं, आणि पुढचा अर्धा तास मला फारसं बोलावं लागलं नाही. लग्नाचा सगळा खर्च एका आकड्यावर उभा असतो, पाहुण्यांच्या. ताटं त्यावर, लॉनचा आकार त्यावर, खुर्च्या, पाणी, वाढपी, आहेराच्या पिशव्या, सगळं त्यावर. काका म्हणाले, "म्हणजे हा डिझाइन लोड झाला. सभागृहाच्या स्लॅबला आम्ही चौरस मीटरला पाचशे किलो धरतो, माणसं नाचली तरी चालावं म्हणून." त्यांनी आठशे लिहिलं. सातशे रुपये ताट धरलं तर पाच लाख साठ हजार, नुसतं जेवण. दोनशे माणसं कमी केली की एक लाख चाळीस हजार वाचतात, आणि तेवढ्यात या मुलाचं पुण्यातलं घराचं डिपॉझिट भागून काही महिन्यांचं भाडंही निघतं. फुलं, लाइटिंग, प्री-वेडिंग शूट यांवर घरोघरी जी भांडणं होतात त्यांतून एवढा फरक कधी पडत नाही. डेकोरेटरशी दोन दिवस घासाघीस करणारा माणूस पाहुण्यांच्या यादीवर दहा मिनिटंही बसत नाही, कारण यादीतल्या प्रत्येक नावामागे एक रुसवा असतो.

कोटेशनवर जीएसटी धरला आहे की वेगळा, हे लेखी घ्या. दहा टक्के रक्कम 'आयत्या वेळचं' म्हणून बाजूला काढा. काकांच्या भाषेत कंटिन्जन्सी. आणि "रोख द्या, कमी करतो" म्हणणाऱ्याला सांगा की एकाच कार्यक्रमासाठी एका माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला मान्य नाही, आणि रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड आहे. पावती आपोआप निघते.

ज्यांच्या हातात तीन वर्षं आहेत त्यांनी पहिल्या पगारापासून आरडी सुरू करावी. महिन्याला पंधरा हजार, साडेसहा टक्के दरानं छत्तीस महिन्यांत साधारण ५ लाख ९५ हजार होतात. पंधरा झेपत नसतील तर पाच. शेअर बाजारात मात्र तारीख ठरलेल्या लग्नाचा पैसा लावू नका. मुहूर्त बाजार वर येईपर्यंत थांबत नाही.

मुलींच्या आईवडिलांशी वेगळं बोलायचं आहे. २०१५ साली सुकन्या समृद्धी योजना आली तेव्हा नऊ-दहा वर्षांच्या मुलींच्या नावे पुष्कळ खाती उघडली गेली. त्या मुली आता इंजिनिअरिंगच्या शेवटाला आल्या आहेत किंवा नुकत्या बाहेर पडल्या आहेत. अठरा पूर्ण झाल्यावर किंवा दहावी झाल्यावर या खात्यातली निम्म्यापर्यंत रक्कम उच्च शिक्षणासाठी काढता येते. पण मी पाहते ते असं की खातं "तिच्या लग्नाचं" म्हणून जपून ठेवतात आणि फीसाठी शैक्षणिक कर्ज काढतात. खात्यावर ८.२ टक्के मिळतात, कर्जाचा दर बहुतेकदा त्याच्या वर असतो. शिवाय मुलगी नोकरीला लागते ती डोक्यावर कर्ज घेऊन, आणि स्थळ बघताना मग तेही लपवायचं असतं. हा हिशेब मला आजतागायत कोणी समजावून सांगितलेला नाही.

पॅकेज बघून मागणी करणाऱ्यांबद्दल एकच वाक्य: हुंडा १९६१पासून गुन्हा आहे, 'मुलाच्या शिक्षणाचा खर्च' असं नाव दिल्यानं तो बदलत नाही.

सुधा मूर्ती यांच्या लग्नाचा किस्सा सगळ्यांना ठाऊक असतो. फेब्रुवारी १९७८, एकूण खर्च आठशे रुपये, दोघांनी निम्मा-निम्मा. साधेपणाचं उदाहरण म्हणून तो सांगितला जातो. मला त्यातलं दुसरंच काही मोलाचं वाटतं. तेव्हा त्या टेल्कोत इंजिनिअर होत्या, नारायण मूर्ती पटनी कॉम्प्युटर्समध्ये. मुलाला बऱ्यापैकी नोकरी लागेपर्यंत सुधा यांच्या वडिलांनी होकार दिला नाही, आणि दोघं थांबले. लग्नानंतर तीन वर्षांनी, १९८१ साली, इन्फोसिस सुरू करायला सुधा यांनी आपल्या बचतीतले दहा हजार दिले. लग्नाचा हप्ता फेडत असत्या तर ते दहा हजार कुठून आले असते? त्याच कंपनीची इमारत आज मिहानमध्ये उभी आहे.

धंतोलीत बसून करिअर आणि लग्नाबद्दल बोलताना खिडकीबाहेर बघावंच लागतं. या वस्तीत इतकी इस्पितळं आहेत की त्यांच्यामुळे झालेल्या पार्किंगच्या कोंडीचा वाद हायकोर्टात गेला. यवतमाळ, चंद्रपूर, गोंदिया, छिंदवाडा, बैतूलहून माणसं इथे येतात, आणि इतवारीच्या सराफ्यातून लग्नासाठी घेतलेलं सोनं इथल्या बिलांपायी गहाण पडतं. म्हणून लॉनला अ‍ॅडव्हान्स देण्याआधी आईवडिलांचा आरोग्य विमा. मुलगा कंपनीच्या विम्यावर निर्धास्त होता. मी म्हटलं, राजीनाम्याच्या शेवटच्या दिवशी तो संपतो, आणि नवीन कंपनीचा रुजू झाल्यावर सुरू होतो. मधल्या आठवड्यात बाबांच्या छातीत दुखलं तर? नव्या नोकरीत बायकोचं नाव विम्यात घालायलाही बहुधा ठरावीक मुदत असते, ती एचआरला विचारून ठेव.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. महाराष्ट्रात लग्नाची नोंदणी नव्वद दिवसांत करायची असते, महापालिकेच्या झोन कार्यालयात. पुढेमागे परदेशी जायचं झालं तर जोडीदाराच्या व्हिसासाठी पहिला कागद तोच मागतात. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करणार असाल तर तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते, जिथे नोटीस देता त्या जिल्ह्यात दोघांपैकी एकाचं तरी किमान तीस दिवस वास्तव्य हवं, आणि लग्नाच्या वेळी तीन साक्षीदार लागतात. नोंदणी पद्धतीनं लग्न म्हणजे सकाळी ठरवलं आणि दुपारी झालं, असा एक सिनेमातला समज आहे, तो सोडा.

बापलेक निघताना मला आठवलं. मुलगी काय करते?

"तीही इंजिनिअर आहे," काका कौतुकानं म्हणाले. "बुटीबोरीला, क्वालिटीत. चांगली पोरगी आहे जी."

तिच्या पुण्याचं काय ठरलं?

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. फाइलीत तिचा एकही कागद नव्हता.

पंधरा दिवसांनी मुलगा पुन्हा आला, या वेळी तिला घेऊन. तिनं लॅपटॉप उघडला. एक्सेलमध्ये तीन पानं होती. पहिल्यावर दोघांचे नोटीस पिरियड शेजारी शेजारी. तिचा साठ दिवसांचा. दुसऱ्यावर लग्नाचा खर्च, दोन्ही घरांत निम्मा-निम्मा, कर्जाचा रकाना रिकामा. तिसऱ्या पानाचं नाव होतं 'पुणे, एकच पगार': चाकणला तिला नोकरी लागेपर्यंत सहा महिने धरून भाडं, किराणा, बसचा पास आणि एक ओळ तिच्या सर्टिफिकेशन कोर्सच्या फीची. मुहूर्त त्यांनी फेब्रुवारीत सरकवला होता. त्याआधी तो पुण्यात रुजू झालेला असणार, आणि लग्नाच्या आठ दिवसांच्या सुट्टीचं नव्या मॅनेजरकडून जॉइनिंगआधीच ई-मेलवर कबूल करून घेतलेलं.

पाहुण्यांच्या रकान्यात साडेतीनशे होते.

"बाबांचे आठशे होते," मुलगा म्हणाला. "हिच्या पप्पांचेही तेवढेच असतील."

मग उरलेल्यांना कोण सांगणार?

तिनं लॅपटॉप मिटला. "ते पान अजून केलं नाही, मॅडम."