बिडी न ओढणाऱ्या मावशींना फुप्फुसाचा कॅन्सर कसा झाला?

कऱ्हाडजवळच्या वस्तीतल्या एका मावशींनी जन्मात बिडी ओढली नाही. खोकला लागला, वजन उतरलं. थुंकीत टीबी सापडला नाही, तरी एका खासगी दवाखान्यात चार महिने टीबीच्या गोळ्या चालल्या. शेवटी गाठीचा तुकडा तपासला तेव्हा कॅन्सर निघाला. शेजारणी करणी म्हणाल्या, मावशी "माझंच काय चुकलं?" म्हणत बसल्या.

मावशींचं काही चुकलं नव्हतं. फुप्फुसाच्या पेशीत ईजीएफआर नावाचं जनुक असतं. पेशीनं कधी वाढायचं, त्याचं ते बटण समजा. जनुकात बदल झाला की बटण दाबलेलंच राहतं आणि गाठ वाढत जाते. हा बदल सहसा फक्त गाठीत असतो. तो आईबापांकडून येत नाही, लेकरांना जात नाही, तेव्हा मुलीच्या सोयरिकीची काळजी नको. धूम्रपान न करणाऱ्यांत आणि बायकांत तो जास्त दिसतो. (म्हणून मिश्री निर्धोक ठरत नाही, तिच्यानं तोंडाचा कॅन्सर होतो.) भारतात ॲडेनोकार्सिनोमा या प्रकारच्या साधारण चार रुग्णांत एकाला हा बदल सापडतो.

जेफिटिनिब, एर्लोटिनिब या गोळ्या नेमकं हेच बटण बंद करतात. बदल नसेल तर मात्र केमोच बरी. एएलके जनुकात बदल असेल तर गोळ्या वेगळ्या. म्हणून आधी तपासणी, मग औषध. शेजारच्याला लागू पडली म्हणून गोळी मागू नका.

मुंबईच्या टाटा मेमोरियलनं ईजीएफआर बदल असलेल्या ३५० रुग्णांवर केलेला अभ्यास २०१९ मध्ये मांडला. नुसत्या जेफिटिनिबवर आजार साधारण ८ महिने आटोक्यात राहिला, सोबत केमो दिल्यावर १६ महिने. केमोसोबत त्रासही वाढला, हे डॉक्टरांकडून नीट समजून घ्या. पसरलेला आजार या गोळीनं मुळापासून जात नाही. पण मावशी गोळी सुरू झाल्यावर महिन्याभरात पुन्हा भाकऱ्या थापायला लागल्या, हे मी स्वतः पाहिलं.

आता कामाचं. काढलेला तुकडा मेणात बसवून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. रिपोर्टसोबत तो मागून घ्या, उन्हात ठेवू नका. जनुकाची तपासणी त्याच्यावरच होते. सांगली-साताऱ्याहून ब्लॉक मुंबईला पाठवता येतो, रुग्णानं जायलाच हवं असं नाही. खर्चाचं आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. जनआरोग्य योजनेत काय बसतं ते तोच सांगेल. गोळीनं अंगावर पुरळ येतं, जुलाब होतात, म्हणून ती आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा. दम अचानक वाढला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.