अपराजित, परंतु अनिमंत्रित

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ आपल्या परिचयाच्या फुटबॉलहून सर्वस्वी निराळा आहे. अकरा-अकरा खेळाडूंचे दोन संघ, लांबट अंडाकृती चेंडू, आणि तो हाती धरून प्रतिपक्षाची फळी फोडीत अखेरच्या रेषेपलीकडे नेण्याची धडपड, एवढे ध्यानात ठेवले तरी पुढील हकीगत समजण्यास पुरे. रेषा ओलांडली की 'टचडाउन' होतो व सहा गुण मिळतात.

महाविद्यालयीन संघांचा हंगाम सप्टेंबरात सुरू होऊन नोव्हेंबरअखेर आटोपतो. त्यानंतर नववर्षदिनाच्या सुमारास निवडक संघांचे सामने होतात. त्यांना 'बाउल' म्हणतात. कॅलिफोर्नियातील पसाडेना येथील क्रीडांगण वाडग्याच्या आकाराचे, म्हणून तेथील सामन्याला 'रोझ बाउल' हे नाव पडले आणि इतर शहरांनी त्याचे अनुकरण केले. मायामीत ऑरेंज बाउल, न्यू ऑर्लिन्समध्ये शुगर बाउल, असे हे सामने मुख्यतः दक्षिणेकडील शहरांत भरत. त्या काळी येथे कोणी खेळावे हे गुणतक्ता ठरवीत नसे. यजमान शहराची समिती आमंत्रण धाडी. आमंत्रणाबरोबर मान येई आणि पैसाही येई.

सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ ही जेझुइट पाद्र्यांनी १८५५ मध्ये स्थापिलेली लहानशी संस्था. १९५१ साली तिचा संघ जो कुहारिच या प्रशिक्षकाच्या हाताखाली तयार झाला होता. महायुद्धानंतर सरकारी साहाय्यावर हजारो सैनिक महाविद्यालयांत परतले, त्यांची छाया या संघावरही होती. जिनो मार्चेटी हे युरोपच्या रणभूमीवर लढून आलेले गडी. संघात दोन कृष्णवर्णीय खेळाडू होते: ऑली मॅटसन व बर्ल टोलर. मॅटसन यांचा जन्म टेक्सासमधला, टोलर यांचा टेनेसीतील मेंफिसचा. म्हणजे दोघेही मूळचे दक्षिणेचेच.

त्या हंगामात संघाने नऊ सामने खेळले आणि नऊही जिंकले. न्यूयॉर्कमध्ये फोर्डहॅमविरुद्धचा सामना ३२-२६ असा अटीतटीचा झाला. त्यात मॅटसन यांनी सलामीच्या लाथेने आलेला चेंडू झेलून सबंध मैदान तुडवीत दोनदा टचडाउन केला. कॉलेज ऑफ द पॅसिफिकचा ४७-१४ असा धुव्वा उडाला आणि अखेरीस लॉस एंजेलिसच्या लॉयोलावर २०-२ असा विजय मिळाला. मॅटसन यांची हंगामातील एकूण धाव १५६६ यार्ड भरली. देशात तीच सर्वाधिक. तरीही वर्षातील सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या हाइझमन पुरस्काराच्या मतदानात ते नववे आले.

रोझ बाउलचे दार या संघाला बंदच होते, कारण तो सामना दोन विशिष्ट संघसमूहांसाठी करारान्वये राखून ठेवलेला होता. उरली दक्षिण. तेथून जो निरोप आला तो संघातील खेळाडूंनी पुढे अनेकदा सांगितला आहे: मॅटसन व टोलर यांना मागे ठेवून आलात तर विचार करता येईल. खेळाडूंनी नकार दिला. अशा अटी कोणी कागदावर उतरवीत नसे, म्हणून आपला आधार मुख्यतः या आठवणींचा आहे. संघाचे प्रतिस्पर्धी तितकेसे बलाढ्य नव्हते, असाही एक आक्षेप घेतला जातो व तो अगदीच निराधार नाही. मात्र आठवणींतील अट त्या काळाच्या रिवाजाला धरूनच होती. बॉस्टन कॉलेज हीदेखील जेझुइट संस्थाच. तिने १९४० चा कॉटन बाउल व १९४१ चा शुगर बाउल हे दोन्ही सामने लू माँटगोमेरी या आपल्या कृष्णवर्णीय खेळाडूला वगळून खेळले होते. उलट १९४८ साली पेन स्टेटचा संघ डॅलस येथे दोन कृष्णवर्णीय खेळाडूंसह मैदानात उतरला होता. तेव्हा १९५१ मध्ये दुसरा मार्ग अज्ञात होता असे नव्हे. पण त्याच वर्षी ऑक्टोबरात ओक्लाहोमातील एका सामन्यात जॉनी ब्राइट या कृष्णवर्णीय खेळाडूचा जबडा, चेंडू त्याच्याजवळ नसताना, प्रहार करून मोडण्यात आला. ती छायाचित्रे देशभर छापली गेली व पुढे त्यांना पुलित्झर पारितोषिक मिळाले. वातावरण असे होते.

नकाराचे मोल किती, हे लगेच दिसून आले. विद्यापीठाचा फुटबॉल तोट्यात चालला होता. बाउलचे उत्पन्न बुडाले आणि हंगाम संपताच संघ विसर्जित करण्यात आला. आमंत्रण मिळाले असते तर तो तगला असता असे अनेकांना वाटते. तोटा पाहता, एका वर्षाच्या पैशाने तो फार काळ तगला असता असे मला वाटत नाही. पण त्या तरुणांना हा हिशेब ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांच्या दृष्टीने हातची मोठी संधी जात होती, आणि ती त्यांनी जाऊ दिली.

संघ मोडला तरी माणसे विखुरली नाहीत, निदान खेळाच्या जगातून तरी नाहीत. मॅटसन यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर धावण्यात कांस्यपदक व रिलेत रौप्यपदक मिळविले. मॅटसन, मार्चेटी व बॉब सेंट क्लेअर या तिघांना व्यावसायिक फुटबॉलच्या सन्मानदालनात स्थान मिळाले. एकाच महाविद्यालयीन संघातील तिघांना हा मान मिळणे विरळाच. संघाची प्रसिद्धी पाहणारा पीट रोझेल नावाचा तरुण १९६० मध्ये व्यावसायिक लीगचा आयुक्त झाला. विद्यापीठाने २००६ मध्ये हयात खेळाडूंना सन्माननीय डॉक्टरेट दिली.

टोलर यांच्या वाट्याला मात्र व्यावसायिक खेळ आलाच नाही. १९५२ च्या उन्हाळ्यात एका सामन्यात त्यांचा गुडघा कायमचा दुखावला. ते शिक्षक झाले, पुढे सॅन फ्रान्सिस्कोतील एका शाळेचे मुख्याध्यापक झाले. १९६५ मध्ये व्यावसायिक लीगने त्यांना पंच नेमले. तेथील ते पहिले कृष्णवर्णीय पंच. जानेवारी १९८० मध्ये लीगचा सर्वोच्च सामना, सुपर बाउल, पसाडेनाच्या त्या वाडग्याच्या आकाराच्या क्रीडांगणावर झाला, तेव्हा पंचांच्या चमूत बर्ल टोलर होते.