घरातील फोन व मुलाच्या हातातील फोन

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या व पाठ फोनवरून जाऊ लागले. ‘असर’च्या २०२१ च्या ग्रामीण पाहणीत शाळेत नाव असलेल्या शेकडा ६७.६ मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. परंतु अशा घरांतीलही शेकडा २६.१ मुलांना तो वापरावयास मिळत नव्हता. घरात फोन एकच असला म्हणजे तो वडिलांबरोबर कामावर जातो. सायंकाळी थोरल्या भावंडाची पाळी आधी येते.

सबब शिक्षकबंधुभगिनींनी ‘फोन आहे काय?’ एवढेच न विचारता ‘तुला तो केव्हा व किती वेळ मिळतो?’ हेही विचारून नोंद ठेवावी. फोनवर धाडलेला गृहपाठ फळ्यावरही लिहावा. मुलास आळशी ठरविण्यापूर्वी ही नोंद पाहावी. साधनाच्या अभावाची शिक्षा बालकास होता कामा नये.